लाडकी आल्यावर

बार्शीच्या बाजारपेठेत माझ्या एका मित्राचं किराणा दुकान आहे. राज्याची आर्थिक पाहणी करायची झाली की मी मुंबईचा जाडजूड अहवाल उघडत नाही, त्याच्या गल्ल्याशेजारच्या पोत्यावर जाऊन बसतो. पोतं साखरेचं असलं तर मुंगळे चावतात, पण माहिती ताजी मिळते.

गल्ल्याखाली उधारीची वही असते. लाल पुठ्ठा, तेलकट कोपरे, मधोमध बांधलेली सुतळी. दर गिऱ्हाइकाला एक पान. त्यातलं पान नंबर ४७ मी गेलं दीड वर्ष मालिकेसारखं बघतोय. पानाच्या मालकिणीचं नाव सांगत नाही. एक तर तिनं मला तशी परवानगी दिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर २०२४ च्या ऑगस्टपर्यंत वहीतही तिचं नाव नव्हतं. पानाच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘गवंड्याची मंडळी’.

मग एके दिवशी मित्रानं ते खोडलं आणि शेजारी तिचं स्वतःचं नाव लिहिलं. म्हटलं, हे काय नवीन? तो म्हणाला, “पैसे तिच्या खात्यावर यायला लागले. उधारी गवंड्याच्या नावावर ठेवून मी काय करू?”

महिला सक्षमीकरणावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. दुर्दैवानं काही केलीही आहेत. एवढ्या कमी शब्दांत काम उरकणारा वक्ता पहिल्यांदाच भेटला, आणि तोही एका हातानं शेंगदाणे तोलत होता.

योजना सगळ्यांना पाठ आहे, तरी उजळणी करू. २८ जून २०२४ ला ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’चा शासन निर्णय निघाला. वय २१ ते ६५. आधी ६० होतं, आठवड्याच्या आत ६५ झालं. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, घरात कुणी आयकर भरणारा नाही, सरकारी नोकर नाही, दारात चारचाकी नाही. ट्रॅक्टर असला तर चालेल. एवढं जुळलं की महिन्याला १५०० रुपये थेट खात्यात. अर्ज भरून घेणाऱ्या अंगणवाडीताईंना एका पात्र अर्जामागे ५० रुपये मिळणार होते. पंधराशेला तिसानं भागा. बहिणीचेही दिवसाला पन्नासच येतात. सरकारचा हिशेब किती समतोल असतो बघा.

आता पान ४७ च उघडू.

जुलै २०२४ मधल्या नोंदी अशा: साखर दहाची, तेल विसाचं, चहापत्ती पाचची, डाळ विसाची, पुन्हा तेल विसाचं. हातात पैसा नसलेला माणूस किलोत घेत नाही, रुपयांत घेतो. खिशात जेवढं असेल तेवढ्याची साखर. दहा-दहाच्या पुड्या बांधत नेलेली साखर महिनाअखेर किलोला कितीला पडते, असं मी मित्राला एकदा विचारलं होतं. त्यानं मला मुंगळे झटकायला सांगितलं.

ऑक्टोबर २०२४ च्या नोंदी: साखर दोन किलो, तेल एक लिटरचा पुडा, तूरडाळ अर्धा किलो, अंगाचा साबण तीन वड्या. पान तेच, बाई तीच, हस्ताक्षर तेच. फक्त रुपयांच्या जागी किलो आले. अर्थशास्त्रात याला काहीतरी भारदस्त नाव असेल. बाजारात एवढंच म्हणतात, की ती आता सुट्टं घेत नाही. दिवसाआड बाटली घेऊन दुकानाच्या पायरीवर उभं राहणंही त्याबरोबर संपलं. त्या उभं राहण्याचा भाव कुठल्याच अहवालात धरलेला नसतो.

शेजारच्या मेडिकलवाल्याकडेही असंच. तिच्या सासूला बीपीची गोळी आहे. पूर्वी पाकिटातल्या चार गोळ्या कातरून घ्यायची, त्या संपल्या की दोन-तीन दिवस गोळीला सुट्टी. आता अख्खं पाकीट नेते. सासू आधी खुटखुटीत नव्हती, आता आहे. याचा सुनेला कितपत फायदा झाला हा वेगळा विषय, त्यात मी शिरत नाही.

तिसरी खरेदी चष्म्याची. धुणंभांडी आणि खुरपणी करायला चष्मा लागत नाही, म्हणून घेतला नव्हता. दिवाळीनंतर घेतला. घेतल्या घेतल्या ती दुकानात आली, वही मागून घेतली, पान ४७ वर बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि सप्टेंबरातले चाळीस रुपये दोनदा लावलेत हे दाखवून दिलं. लाडक्या बहिणीचा हा एकमेव दुष्परिणाम, असं माझ्या मित्राचं मत आहे.

एवढं सगळं दिवसाला पन्नास रुपयांत.

आता तुम्ही म्हणाल, हे एकच पान झालं. बरोबर आहे. ‘फुकटचा पैसा दारूत जातो’ हा सिद्धान्त मात्र आपण किती पानं वाचून मांडतो? कुणीतरी कुणाच्या तरी रिक्षावाल्याकडून ऐकलेलं असतं. २०१४ मध्ये जागतिक बँकेसाठी डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा या दोघांनी जगभरातले १९ अभ्यास एकत्र तपासले: गरिबांच्या हाती रोख दिली तर दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का? जवळपास कुठेच वाढलेला दिसला नाही. काही ठिकाणी तर घटला. एवढं लांब जायचं नसेल तर इंदूर बसनं गाठता येतं. २०११ पासून ‘सेवा’ या महिला संघटनेनं युनिसेफच्या पैशावर त्या भागातल्या काही गावांत माणशी महिना २०० रुपये, पुढे ३०० रुपये वाटून पाहिले होते. मुलांना निम्मे. कशावर खर्च करायचे याची अट नाही. लोकांनी धान्य-भाजी घेतली, कर्ज हलकं केलं, शेळ्या घेतल्या, पोरी शाळेत जास्त दिवस गेल्या. गुत्त्यासमोर रांगा लागल्या नाहीत. निष्कर्ष इतका कंटाळवाणा होता की त्यावर चर्चासत्रंच झाली.

पुण्यातल्या माझ्या मेहुण्याला हे पटत नाही. तो आयटीत आहे. लाडक्या बहिणीचा विषय निघाला की त्याच्या तोंडी “आमच्या टॅक्सचे पैसे” हे तीन शब्द येतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर माफ झाला, तेव्हा १२ लाखवाल्याचे वर्षाला ८० हजार वाचणार असं सरकारनंच छापून सांगितलं. मेहुणा नेमका त्याच गटातला. बहिणीचे वर्षाला १८ हजार होतात. १८ हजारांचं काय करते ती, हा राष्ट्रीय प्रश्न. ८० हजारांचं याने काय केलं, हे अख्ख्या देशात फक्त मी विचारलं. त्यानं हवेवर तळणारं एक यंत्र घेतलं. परवा गेलो होतो तर त्यात कांदे ठेवले होते.

त्याला कुणी त्यासाठी रांगेत उभं केलं नाही, बायकोचं आधारकार्ड मागितलं नाही, की स्टेजवर बोलावून मनगट पुढे करायला लावलं नाही. वाचलेला कर आणि दिलेलं अनुदान यांत फरक काय, तर पहिल्याला फोटो लागत नाही.

दुसरी तक्रार बागाईतदारांची. “पंधराशे आल्यापासून बायका खुरपायला येईनात.” हे मला एकानं ट्रॅक्टरवर बसून सांगितलं. दिवसाला पन्नास मिळतात म्हणून तीनशेची हजेरी सोडून घरी बसणारी बाई मला एकदा दाखवा. तिला अर्थमंत्रीच करू. पान ४७ ला विचारलं तर म्हणाली, “जाते की. पर आता अडीचशेला बोलावलं तर न्हाई म्हणता येतं.” म्हणजे दुखणं तिथं आहे. बाई आळशी झाली नाही, फक्त ‘नाही’ म्हणायला शिकली. बागाईतदाराच्या कानाला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

पण वही कुणाची भाडोत्री नसते, ती दुसरी बाजूही लिहिते. जानेवारीपासून पान ४७ वर तेल, मीठ, साबण, काड्यापेटी असं सगळंच तिच्या नावानं चढायला लागलं. आधी यातलं निम्मं गवंडी रोखीनं नेत असे. “मालक म्हणत्यात, तुझं येतंय की आता,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं. १५०० खात्यात आले आणि साधारण ७०० दुसऱ्या दारानं घराबाहेर गेले. गवंड्याच्या खिशात उरले. मागे पडताळणीत १४,२९८ पुरुष सापडले, दहा महिने बहीण होऊन पैसे घेत होते म्हणे. २१ कोटी ४४ लाख रुपये. त्यावर केवढा गदारोळ झाला! पण ते बिचारे उघडपणे नावनोंदणी करून घेणारे. बायकोच्या खात्यावर पैसे येताच तेलाचे पैसे द्यायचे बंद केले, असे न नोंदवलेले लाडके भाऊ किती, ते कुठल्या पोर्टलवर शोधणार?

तरीही तिला विचारलं, जास्त काय बदललं? मला वाटलं डाळ म्हणेल, गोळ्या म्हणेल. ती म्हणाली, “मागावं लागत न्हाई.” पोरीच्या वहीला, स्वतःच्या पॅडला, माहेरच्या एसटीला. माहेर वैरागच्या बाजूला, आणि एसटीत बाईला २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट. तेवढ्यासाठी पूर्वी दोन दिवस आधीपासून गवंड्याचा मूड बघावा लागायचा. सातशे गेले ते गेले. उरलेल्या आठशेला विचारणारं कुणी नाही.

आता पेन्सिलीविषयी.

वहीतल्या सगळ्या नोंदी निळ्या पेनानं आहेत. रक्कम, तारीख, जमा, शिल्लक. फक्त पान ४७ वर आणि तसल्याच पन्नासेक पानांवर दर महिन्याला एक ओळ पेन्सिलनं असते: ‘ला. आ.’ मला वाटलं लाख आणि आणे. मित्र म्हणाला, “लाडकी आल्यावर.”

म्हणजे जमेची तारीख. आणि ती पेन्सिलनं, कारण पुसावी लागते.

हातावर पोट असलेलं घर तारखांवर चालतं, ही गोष्ट महिन्याच्या एक तारखेला मोबाइलवर पगाराची घंटी वाजणाऱ्यांना कळणं अवघड आहे. ४७ नंबरच्या घरातलं कालनिर्णय मी पाहिलंय. १ ला खोलीभाडं. ५ ला भिशी. १२ च्या आत लाइटबिल. रेशन आलं की रेशन. आणि दर मंगळवारी सकाळी साडेदहाला गटाचा साहेब. बचत गटाचा नव्हे, तो वेगळा, हा कर्जवाला. मोटरसायकलवर येतो, वाकळेवर बसतो, बायकांना गोल करून बसवतो आणि हप्ता घेऊनच उठतो. पाऊस असो, पोर तापानं फणफणलेलं असो, शेजारी मयत असो, मंगळवार म्हणजे मंगळवार. एकीचा कमी पडला तर बाकीच्यांनी भरायचा. या सगळ्या चौकोनांत निळ्या पेनानं गोल केलेत. एकच गोल पेन्सिलचा, आणि तो दर महिन्याला दुसऱ्या चौकोनात.

कारण भावाला तारीख नसते. भावाला सण असतो.

आठवून बघा. पहिले दोन हप्ते मिळून ३००० आले ते २०२४ च्या राखीपौर्णिमेच्या तोंडावर. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे एकदमच आले, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या आत. २०२५ चा फेब्रुवारी मार्चला चिकटवून महिला दिनाला. एप्रिलचा अक्षय्य तृतीयेला देतो म्हणाले, हाती पडेपर्यंत मे उजाडला. जुलैचा पुन्हा राखीला. हा वेळापत्रकाचा विषयच नाही, हे पंचांग आहे. फक्त त्यात निवडणूक हाही एक सण धरलेला आहे, आणि मुहूर्त त्याचाच सगळ्यांत चांगला निघतो.

आता तुम्ही म्हणाल, दहा-पंधरा दिवसांनी काय बिघडतं? मेहुणाही असंच म्हणाला. हप्ता लांबला की गटाचा साहेब थांबत नाही. मग गल्लीतल्या एका बाईकडून दीड हजार उचलायचे, शेकडा दहानं. महिन्याला दीडशे व्याज. म्हणजे सरकारनं पंधराशे उशिरा दिले तर ते साडेतेराशेच असतात. वरचे दीडशे सरकारच्या उशिराचं भाडं, आणि ते भरते ती. मला आठवतं, पहिल्या ओवाळणीला तर बँकांनीही हात धुऊन घेतले होते. तिच्या खात्यात ३००० पडले आणि एका बँकेनं त्यातले सहाशेवर मिनिमम बॅलन्सच्या नावाखाली तिथंच कापले. खात्यात किमान शिल्लक नव्हती, हा तिचा गुन्हा. किमान शिल्लक असती तर ही योजना कशाला लागली असती, एवढं त्या संगणकाला कुणी विचारलं नाही. अशा तक्रारी इतक्या झाल्या की बहिणींचे पैसे कापू नका, असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. भावानं पाकीट दिलं, ते दारावरच्या रखवालदारानं फोडलं.

गंमत नावातच आहे. सरकारी कागदावर याला ‘सन्मान निधी’ म्हणतात, बातमीत ‘हप्ता’ म्हणतात आणि व्यासपीठावर ‘ओवाळणी’. हप्ता हा शब्द मराठीत आधीच फार दमलेला आहे. तो कर्जाचा असतो, तो पोलिसांचा असतो, आणि आता तो सन्मानाचाही झाला. पण खरा घोटाळा ओवाळणी या शब्दात आहे. ओवाळणी मोजून घ्यायची नसते, किती घातली विचारायचं नसतं, उशीर झाला तर रुसायचं, पण तगादा लावायचा नाही. पगार थकला तर कामगार दाराशी बसतो. ओवाळणी थकली तर बहीण काय करणार? निवडणुकीच्या आधी भाऊ म्हणाला होता, २१०० करतो. त्यालाही वर्ष उलटलं. राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेची तरतूद आधीच्या ४६ हजार कोटींवरून ३६ हजार कोटींवर आली. बहिणी तेवढ्याच ठेवून हे गणित सोडवून दाखवा, दहा गुण. ‘आनंदाचा शिधा’ आठवतो? शंभर रुपयांत रवा, साखर, हरभराडाळ, पामतेल. २०२२ च्या दिवाळीत सुरू झाला होता. २०२५ च्या दिवाळीला शिधाही नव्हता आणि आनंदाचीही जाहिरात नव्हती. कारण विचारलं तर म्हणे लाडक्या बहिणींचाच भार पडला. एका हातानं ताटात ओवाळणी घालायची आणि दुसऱ्या हातानं त्यातला फराळ उचलायचा.

तमिळनाडूनं अशीच योजना १५ सप्टेंबर २०२३ ला सुरू केली, महिन्याला हजार रुपयांची. त्यांनी नावात ‘उरिमै’ शब्द घातला. त्याचा अर्थ हक्क. आणि पैसे महिन्याच्या १५ तारखेला. आपल्यापेक्षा पाचशे कमी, पण तिथला दुकानदार वहीत पेन वापरत असणार. तिथंही राजकारण आहे, मुहूर्त अण्णादुरैंच्या वाढदिवसाचाच धरला होता. मी काही तिकडे देवमाणसं बसलीत असं म्हणत नाही. शेजारी गोव्यात गृहिणींसाठी ‘गृह आधार’ २०१२ पासून आहे. तिथं बहीणही नाही आणि भाऊही नाही, नुसता आधार. मराठी माणसाला नातं जोडल्याशिवाय व्यवहार जमत नाही, आणि नातं जोडलं की हिशेब विचारणं वाईट दिसतं. सोयीचं आहे.

आणि हे आपल्याला सुचत नव्हतं असंही नाही. याच राज्यानं १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, वि. स. पागे यांच्या चिकाटीमुळे. शब्द बघा: हमी. काम मागितलं की द्यावं लागेल, असं कायद्यात लिहिलं. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईला कुणी लाडकी म्हटलं नाही, पण ती मामलेदाराच्या दारात जाऊन “काम द्या” म्हणू शकत होती. आताची बहीण लाडकी आहे आणि शासन निर्णयावर आहे. शासन निर्णय एका सहीनं निघतो, दुसऱ्या सहीनं बदलतो. लाडाचंही तसंच असतं.

लाड उतरायला वेळ लागला नाही. निवडणुकीआधी अर्ज कसे भरून घेतले ते सगळ्यांनी पाहिलंय. पान ४७ च्या गल्लीत तर मांडव घातला होता, वर चहा. निकालानंतर पडताळणी सुरू झाली. जून २०२५ पासून सुमारे २६ लाख ३४ हजार जणींचे पैसे थांबवले. त्यात चारचाकीवाल्या होत्या, दोन-दोन योजना घेणाऱ्या होत्या, एका घरातल्या दोनपेक्षा जास्त होत्या, आणि ते १४ हजार दादाही होते. ज्यांच्या नावावर शेतकऱ्यांच्या ‘पीएम किसान’ आणि ‘नमो’चे मिळून महिन्याला हजार पडतात त्या बहिणींना इथले ५०० च. चुकीचं घेतलं त्यांचं बंद झालं तर माझी काही हरकत नाही. पण दारात गाडी उभी आहे हे तेव्हाही दिसत होतं. तेव्हा मताचा रंग बघत होते, आता गाडीचा बघतायत.

मग १८ सप्टेंबर २०२५ ला ई-केवायसी आली. दर बहिणीनं आपला आधार तपासून घ्यायचा, शिवाय नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा. पान ४७ चा आधार एका नंबरला जोडलेला, तो नंबर मुलाकडं, मुलगा कंपनीत पुण्याला. ओटीपी पुण्यात वाजतो, दहा मिनिटांत मरतो. गवंडी स्लॅबवर. साइट रात्री बाराला चालते म्हणून मित्राच्या दुकानामागं ती दोनदा बारापर्यंत बसली. तिसऱ्या दिवशी खुरपणी बुडवून सेंटरवर रांग लावली. तीनशेची हजेरी गेली, पन्नास सेंटरवाल्यानं घेतले. सात दिवसांची ओवाळणी अशी एका सकाळीच परत गेली.

तिच्या शेजारणीचं तर त्याहून अवघड. नवरा वारलेला, वडील त्याच्या आधी. स्क्रीन विचारतेय, पतीचा ओटीपी टाका. बाई सेंटरवाल्याला म्हणाली, “तिकडं रेंज येत असंल तर मागवा बाबा.” पुढं सरकारनं वाट काढली, मृत्यूचा दाखला अंगणवाडीताईंकडं द्या म्हणाले. पण ज्या टेबलवर हे पोर्टल तयार झालं तिथं विधवा ही शक्यता कुणाच्या डोक्यातच आली नव्हती, हे मला अजून पचत नाही. स्त्रीच्या खात्यात, स्त्रीच्या नावानं, थेट पैसे. आणि चावी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. माझ्या मित्रानं वहीत जे खोडलं होतं ते पोर्टलनं पुन्हा लिहिलं: गवंड्याची मंडळी.

२०२५ च्या शेवटी एका संध्याकाळी मी पोत्यावरच होतो. ज्वारीचं होतं, त्यामुळं निवांत. पान ४७ आली. दोन किलो साखर, तेलाचा पुडा, पोरीला कंपासपेटी. मित्रानं सामान काढलं. तिनं चष्मा लावून वजन बघितलं. आता ती बघतेच.

“शेठ, त्या केवायसीची शेवटची तारीख किती हो? शेजारणीचं राह्यलंय.”

“आधी अठरा नोव्हेंबर होती. वाढवून दिली. एकतीस डिसेंबर.”

“आन् तवर न्हाई झालं तर?”

“बंद पडंल, मावशी.”

तिनं गल्ल्यामागच्या कालनिर्णयाकडं पाहिलं, शेवटच्या चौकोनापर्यंत.

“म्हंजे तारीख ठरवता येती की त्यांना.”

एवढं बोलून तिनं पिशवी उचलली. मित्रानं वही उघडली, पेन घेतलं, एकेक जिन्नस लिहिला, खाली रेघ मारली, बेरीज केली. मग पेन ठेवलं आणि कानामागची पेन्सिल काढली.